रविवारच्या वर्गात कोल्मोगोरोव्ह कसा सांगायचा: बटण, सोंगट्या आणि दोन तास

लालबागला आमच्या चाळीत मंडळाची एक खोली आहे, तिथे मी रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या पोरांना गणित घेतो. क्लास नाही, फी नाही, ज्याला यायचं तो येतो. मध्ये एका रविवारी आंद्रेई निकोलायेविच कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञावर दोन तास घेतले आणि पोरं उठायला तयार नव्हती, तेव्हापासून ओळखीचे तीनचार शिक्षक मागे लागलेत की नक्की काय केलंस ते लिहून दे. तर हे घ्या, तुम्हाला तुमच्या शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये, अभ्यासिकेत कुठेही करता येईल.

आधी काय करू नका ते सांगतो. पहिल्यांदा मी एका शाळेत प्रोजेक्टर लावून सुरुवात केली होती, जन्म २५ एप्रिल १९०३ तांबोव्ह, मृत्यू २० ऑक्टोबर १९८७ मॉस्को, सात वेळा ऑर्डर ऑफ लेनिन, १९६२ चं बाल्झन पारितोषिक, १९८० चं वुल्फ पारितोषिक. पोरांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि मग बाकाखाली मोबाइल सुरू झाले. त्यांची काही चूक नव्हती, ज्या माणसाने नक्की काय केलं हेच माहीत नाही त्याला बक्षीस मिळालं काय नि न मिळालं काय. म्हणून आधी पोरांच्या हातात गणित द्यायचं, माणूस त्याच्या मागून आपोआप येतो.

सामान फार लागत नाही. जाड पुठ्ठ्याचे चौकोन, प्रत्येकाला चार भोकं दाभणाने पाडलेली, जाड दोरा आणि गोधडीची सुई. एक कॅरमचा सेट, प्रत्येकाला दोन नाणी, मूठभर तांदूळ. एक काचेचा ग्लास, चहा आणि दूध. तारीख मात्र बघून ठेवा, गणपतीच्या आधी दीड महिना मंडळाची खोली मिळत नाही, आणि लांबून येणारी पोरं असतील तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते शनिवारी बघा.

सुरुवात बटणाने करा. काहीही न सांगता पुठ्ठे वाटायचे आणि विचारायचं, हे चार भोकांचं शर्टाचं बटण आहे, निदान दोन भोकांतून दोरा गेला की बटण टिकतं, तर समोरून दिसणारे किती वेगवेगळे नमुने शिवता येतील? माझी आई काजबटणाचं काम घरी आणायची, डझनावर पैसे मिळायचे, तिला विचाराल तर ती म्हणेल दोनच, समांतर आणि फुली. पोरंही तिथूनच सुरू करतात. मग कुणीतरी चौकट शिवतं, कुणी इंग्रजी झेड, कुणी नुसती एक आडवी रेघ, आणि थोड्या वेळाने भांडणं लागतात की हा नमुना माझा आधीच झालाय. भांडू द्या. वीस मिनिटं तरी तोंड उघडू नका, हे सगळ्यात अवघड काम आहे पण करा. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी शिवायचं सोडून वहीत नुसत्या रेघा मोजत बसली होती, ती म्हणाली की दादा भोकं चार आहेत पण त्यांना जोडणाऱ्या रेघा सहाच होतात, चार कडेच्या नि दोन तिरक्या, आणि प्रत्येक रेघ एकतर आहे नाहीतर नाही. बस, इथेच काम झालं. सहा रेघा, प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणजे २ चा सहावा घात ६४, त्यातला एकही रेघ नसलेला एक वजा केला की ६३. आणि मग एखादा हुशार पोरगा म्हणतोच की बटण फिरवलं तर काही नमुने सारखेच होतात, त्याला म्हणा मोज बाबा, फिरवून सारखे दिसणारे एकच धरले तर २१ येतात, घरी जाऊन पटवून घे.

आता माणूस आणायचा. सांगायचं की हा बटणाचा प्रश्न कोल्मोगोरोव्हच्या लहानपणीचा आहे, तो शाळेत जायच्या आधीचा. जन्मतानाच त्याची आई वारली. वडील शेतीतज्ज्ञ होते, मुलाच्या वाढीत त्यांचा हात नव्हता, पुढे १९१९ च्या सुमारास यादवी युद्धात ते गेले. मुलाला वाढवलं ते मावशी वेरा याकोव्लेव्हनाने, व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हलजवळ तुनोश्ना नावाच्या गावी आजोबांच्या घरात, आणि आडनावही आजोबांचंच लागलं. आपल्याकडे माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते इथे अक्षरशः खरं झालेलं आहे, आणि आमच्या खोलीत हे सांगताना दोन पोरं एकदम मान वर करून बघायला लागली, कारण ती स्वतः मावशीकडे राहतात. ही गोष्ट घाईत उरकू नका. मावश्यांनी घरातच आसपासच्या पोरांसाठी छोटी शाळा काढली होती आणि त्या शाळेचं हाताने लिहिलेलं मासिक निघायचं, नाव ‘वसंतातल्या पाकोळ्या’. त्यातल्या गणिताच्या पानाचा संपादक होता पाचसहा वर्षांचा आंद्रेई.

त्याच पानावर त्याने स्वतः शोधलेली एक गोष्ट छापली होती, ती कॅरमवर दाखवा. कोपऱ्यात राणी ठेवा, एक. तिला दोन बाजूंनी आणि कोपऱ्यावर मिळून तीन काळ्या लावा, झाला दोन बाय दोनचा चौकोन. मग पाच पांढऱ्या लावा, तीन बाय तीन. पुढे सात लागतात, काळ्या सहाच उरलेल्या असतात, एक पांढरी टाकली तरी चालतं. एक, एक अधिक तीन, एक अधिक तीन अधिक पाच, दरवेळी वर्गसंख्याच येते आणि का येते ते डोळ्यांना दिसतं. हे त्याला त्या वयात दिसलं. हे सांगून थांबू नका, पोरांना विचारा की मग सम संख्यांची बेरीज केली तर कसला आकार होईल, सोंगट्या त्यांच्याच हातात द्या.

इथून पुढे मॉस्को. १९१० साली मावशी त्याला घेऊन मॉस्कोला आली, तिथली शाळा झाली, मग क्रांती, उपासमार. शाळा सुटल्यावर काही काळ त्याने रेल्वेत कंडक्टरची नोकरी केली आणि रिकाम्या वेळात न्यूटनच्या नियमांवर निबंध लिहिला. १९२० ला मॉस्को विद्यापीठात आला. आता हा भाग पोरांना फार लागतो, बघा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना महिन्याला १६ किलो पाव आणि १ किलो लोणी रेशनवर मिळायचं, म्हणून याने पहिल्या वर्षाच्या परीक्षा पटापट देऊन टाकल्या आणि दुसऱ्या वर्षात जाऊन बसला. पायातल्या लाकडी तळव्याच्या चपला स्वतःच बनवलेल्या. फळ्यावर १६ भागिले ३० करायला लावा, रोज साधारण अर्धा किलो पाव आणि चमचाभर लोणी. ज्यांच्या घरी अजून रेशनकार्डावर धान्य येतं त्यांना याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

गंमत म्हणजे तेव्हा तो इतिहासाच्याही मागे होता. बखरुशिन नावाच्या इतिहासकाराच्या वर्गात त्याने मध्ययुगीन नोव्हगोरोदच्या जमिनींच्या नोंदी तपासून एक निष्कर्ष मांडला. सरांना आवडला, पण म्हणाले की तुझ्याकडे पुरावा एकच आहे, इतिहासाला निदान पाच तरी लागतात. असं म्हणतात की त्यावर त्याने ठरवलं, जिथे एकच सिद्धता पुरते तिथे जावं. १९२२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने फूरिये मालिकांवर असं एक उदाहरण बांधलं की जगभर नाव झालं. ते पोरांना समजावायच्या फंदात पडू नका, एवढंच सांगा की कुठलाही स्वर साध्या लाटांत मोडता येतो असं आपण मानतो, पण त्या लाटा परत मिळवत गेलं तर बेरीज जवळजवळ कुठेच स्थिरावत नाही असं एक फलन त्याने करून दाखवलं. आणि त्याच वर्षापासून तीन वर्षं तो मॉस्कोत पोतिलिखाच्या शाळेत गणित नि भौतिकशास्त्र शिकवत होता हे मात्र आवर्जून सांगा, जगभर नाव झालेला पोरगा रोज सकाळी शाळेत खडू घेऊन उभा, हे मला स्वतःला फार भिडतं.

संभाव्यता हा मुख्य भाग. दहावीच्या बीजगणितात नमुना अवकाश, घटना हे शब्द आहेतच, पोरं ते पाठ करतात आणि विसरतात. तांदूळ घ्या, कॅरमबोर्डावर डोळे मिटून उधळा आणि मधल्या मोठ्या वर्तुळात किती दाणे पडले ते मोजा. मग वर्तुळाचं क्षेत्रफळ भागिले बोर्डाचं क्षेत्रफळ काढा, आकडे जवळपास येतात, अगदी सारखे येणार नाहीत आणि यायलाही नकोत. आता विचारा की क्षेत्रफळाचे नियम कोणते? ऋण नसतं. अख्ख्या बोर्डाला आपण १ म्हणू. दोन तुकडे एकमेकांवर येत नसतील तर त्यांची क्षेत्रफळं मिळवता येतात. पोरं हे सहज सांगतात, आणि मग सांगायचं की बाबांनो १९३३ मध्ये कोल्मोगोरोव्हने जर्मन भाषेत साठेक पानांचं एक पुस्तक काढलं त्यात संभाव्यतेचा पाया म्हणून साधारण हेच नियम ठेवलेत. फक्त मिळवायचे तुकडे अनंत असले, एकामागून एक मोजता येण्यासारखे, तरी बेरीज चालते हे त्याने पक्कं केलं. त्याच्या आधी जुगार, विमा, गॅसचे रेणू, सगळीकडे लोक शक्यता वापरत होते पण शक्यता म्हणजे नेमकं काय यावर एकमत नव्हतं. म्हणजे दहावीचा तो धडा ज्या पायावर उभा आहे तो इथे घातला गेला. आमच्या खोलीत यावर शांतता पसरली होती, खोटं सांगत नाही.

नंतर दोन नाणी. दोन्ही एकत्र उडवायची, निदान एक छापा आला तर खूण करायची, असं सोळा वेळा. हिशोबाने १६ पैकी १२ वेळा यायला हवा, तीनास एक. पण प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, कुणाला १०, कुणाला १४, एखाद्याला ९ सुद्धा. विचारा, म्हणजे नियम चुकला का? हा प्रश्न १९४० मध्ये सोव्हिएत देशात जिवावरचा होता. विज्ञानाच्या पुस्तकात मेंडेलचे वाटाणे आहेत ना, तीनास एक, तो मेंडेल चूक आहे असं लिसेंको या सरकारच्या मर्जीतल्या शेतीशास्त्रज्ञाच्या गटाचं म्हणणं होतं, त्यांच्यातल्या येर्मोलायेव्हा नावाच्या संशोधिकेने प्रयोग करून आकडे छापले की बघा प्रत्येक कुटुंबात गुणोत्तर वेगळं येतंय. कोल्मोगोरोव्हने तेच आकडे घेतले आणि दाखवलं की एवढा विखुरलेपणा यायलाच हवा, हे आकडे मेंडेलला खोटं पाडत नाहीत, उलट नवा पुरावा देतात. लेखाचं नावच मेंडेलच्या नियमांची एक नवी पुष्टी असं होतं. लिसेंकोने छापून उत्तर दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिसेंकोला विरोध करणाऱ्या वाव्हिलोव्ह या मोठ्या आनुवंशशास्त्रज्ञाला अटक झाली आणि १९४३ मध्ये ते सारातोव्हच्या तुरुंगात गेले. हे सगळं नाणी अजून पोरांच्या हातात असतानाच सांगा, तेव्हाच त्याचं वजन कळतं.

पण नुसता हिरो करून ठेवू नका. १९३६ मध्ये त्याचे स्वतःचे गुरू लुझिन यांच्यावर प्रावदा या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात हल्ला झाला, विज्ञान अकादमीची चौकशी बसली आणि त्यांच्या विरोधात बोलणाऱ्या विद्यार्थ्यांत कोल्मोगोरोव्हही होता. लुझिन त्यातून वाचले. मी नववी-दहावीच्या पोरांना हे सांगतो, लहानांना नाही. एका पोराने विचारलं की मग दादा तो चांगला होता की वाईट, मी म्हटलं दोन्ही तारखा फळ्यावर लिहून ठेवतो, १९३६ आणि १९४०, तू ठरव.

इथे मध्ये चहाची सुट्टी घ्या, आणि ती पण कामाची करा. काचेच्या ग्लासात कोरा चहा, चमच्याने जोरात ढवळा, चमचा काढा आणि कडेने दूध सोडा. मोठा भोवरा, त्यातून लहान, त्यातून अजून लहान, आणि शेवटी सगळं एकसारखं. १९४१ मध्ये त्याने याच्यावर छोटे छोटे लेख लिहिले, मोठ्या भोवऱ्याची ऊर्जा लहानात जाते, लहानाची त्याहून लहानात, शेवटी द्रवाच्या घर्षणात तिची उष्णता होते, आणि पुरेसं लहान मापावर गेलं की भोवऱ्याला आठवतच नाही तो कुठल्या चमच्याने ढवळला होता, सगळीकडे त्याचा हिशोब सारखा. आजही वारा, समुद्र, विमानाभोवतीची हवा यांचा अभ्यास करणारे इथूनच सुरुवात करतात. आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर हा माणूस दिमित्री मेंडेलीव्ह नावाच्या संशोधनाच्या जहाजावर चढून समुद्रातली खळबळ मोजायला गेला. पावसाळा असेल तर खिडकीतून खालच्या गटाराचं पाणी दाखवा, आमच्याकडे पोरं अर्धा तास तिथेच अडकली होती.

चहानंतर माझा सगळ्यात आवडता खेळ. अर्ध्या पोरांना सांगा खरंच नाणं १०० वेळा उडवून छापा-काटा लिहा, अर्ध्यांना सांगा न उडवता मनाने १०० लिहा, उडवल्यासारखे वाटले पाहिजेत. तुम्ही बाहेर जा. परत येऊन कागद बघा आणि खोटे ओळखा. युक्ती अशी की खऱ्या नाण्यात सलग पाच सारखे शंभरात जवळजवळ नेहमीच कुठेतरी येतात, ९७ टक्के वेळा, आणि मनाने लिहिणारे घाबरून तीनचारलाच बदलतात. पोरांना वाटतं जादू आहे. मग विचारा, छापा काटा छापा काटा असं पन्नास वेळा आलेली ओळ मित्राला फोनवर कशी सांगाल? एका वाक्यात. आणि नाण्याची खरी ओळ? सगळी वाचूनच दाखवावी लागेल. कमीत कमी किती शब्दांत सांगता येतं त्यावरून ओळ किती यादृच्छिक, म्हणजे किती बिननियमाची, ते ठरवायचं, ही कल्पना त्याने १९६५ मध्ये मांडली, आज फोनमधली फाइल झिप होते तेव्हा त्याच जातीचं काम चालू असतं.

आणि या विचाराचा एक धागा आपल्या देशात आहे हे सांगायला विसरू नका. १९६२ मध्ये तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला होता, यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यांवरचा त्याचा लेख १९६३ मध्ये तिथल्याच ‘संख्या’ या नियतकालिकात छापून आला. तिथे तेव्हा एस. आर. श्रीनिवास वरधन नावाचा तरुण पीएचडी करत होता, त्याच्या प्रबंधाचा एक परीक्षक कोल्मोगोरोव्ह. त्याच वरधन यांना २००७ मध्ये आबेल पारितोषिक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला.

ग्रहांच्या कक्षा टिकतात का याबद्दलचं १९५४ चं काम, हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १९०० मध्ये मांडलेल्या प्रश्नांच्या यादीतला तेरावा, जो त्याच्या एकोणीस वर्षांच्या आर्नोल्ड नावाच्या विद्यार्थ्याबरोबर सुटला, हे मी एकेका वाक्यात सांगून पुढे जातो. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा ती शाळेसाठी. डिसेंबर १९६३ मध्ये, साठी झाल्यावर, त्याने मॉस्कोत विद्यापीठाला जोडून निवासी शाळा सुरू करायला लावली, मॉस्कोबाहेरच्या गावखेड्यांतल्या, छोट्या शहरांतल्या हुशार पोरांसाठी, आणि स्वतः तिथे शिकवायचा. गणिताबरोबर संगीताच्या रेकॉर्ड ऐकवायचा, कवितेवर बोलायचा, पोरांना घेऊन लांब चालायला जायचा. १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किकोइन यांच्यासोबत शाळकरी मुलांसाठी ‘क्वांत’ मासिक काढलं. म्हणजे पाकोळ्यांच्या गणिताच्या पानावर जे सुरू झालं तेच परत. त्याने शाळेची पुस्तकंही बदलली आणि तिथे मात्र फसलं, भूमितीत ‘समान’ त्रिकोण हा साधा शब्द काढून अवघड परका शब्द घातला, पालक वैतागले, शिक्षक वैतागले, १९७८ पासून अकादमीतूनच जोरदार टीका झाली. आपल्या पोरांना हे लगेच कळतं कारण ‘एकरूप’ आणि ‘समान’ मध्ये त्यांचे मार्क जातात. माझं मत विचाराल तर त्याचं गणित बरोबर होतं, पण पोतिलिखाच्या वर्गात समोर बसलेली पोरं त्याला दिसत होती, आणि कोट्यवधी पोरांचं पुस्तक लिहिताना ती दिसेनाशी झाली.

एखाद्याला पुढे जायचं असेल तर फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांत मीर प्रकाशनाची रशियन गणिताची पुस्तकं अजून सापडतात, इंग्रजीत असतात पण प्रश्न बघून कळतात. ऑलिंपियाडचं विचारलं तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं नाव द्या, १९९६ ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईतच झाली होती हेही सांगा, पोरांना खरं वाटत नाही. मॉस्कोत १९३५ ला अशी स्पर्धा सुरू झाली तेव्हा आयोजकांत कोल्मोगोरोव्ह होताच.

पुठ्ठे परत घेऊ नका, घरी नेऊ द्या. जाताना एकच सांगायचं की पाचवं भोक पाडा आणि पुढच्या रविवारी आकडा घेऊन या. रेघा दहा होतात, उत्तर १०२३, पण हे तुमच्यापुरतं ठेवा, कारण आमच्याकडे पुढच्या रविवारी खोलीचं कुलूप उघडायच्या आधीच जिन्यात पाचजण पाच उत्तरं घेऊन भांडत उभे होते.